चार दिवसांचा मुकीम, चाळीस वर्षांचा मुसाफिर

रमजानचे रोजे सज्ञान आणि सुदृढ मुसलमानावर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहेत. त्यातून कुरआनने ज्यांना सवलत दिली, त्यांत आजारी माणूस आहे आणि मुसाफिर, म्हणजे प्रवासीही आहे. वाटेत असलेल्या माणसाने रोजा सोडला तरी चालतो. तो नंतर सवडीने भरून काढायचा असतो. आता प्रश्न येतो की माणूस मुसाफिर केव्हापर्यंत आणि मुकीम, म्हणजे त्या जागेचा रहिवासी केव्हापासून? इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये याचं उत्तर दिवसांत दिलेलं आहे. हनफी पंथाच्या मते परगावी पंधरा दिवस राहण्याचा इरादा केला की तो मुकीम झाला. शाफई पंथात त्याहून कमी, येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून पुरे चार दिवस राहायचं ठरवलं की प्रवास संपला. मग नमाज पुरी पढायची आणि रोजाही ठेवायचा.

उत्तर भारतातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत. कोकणातले मुसलमान मात्र शाफई. हा पंथ अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर आला. माहीमचे थोर विद्वान मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) शाफईच होते. त्यामुळे कोकणी माणूस मुंबईहून विमानाने जेद्दाला उतरला आणि कंपनीच्या खोलीत बॅग ठेवली, की धर्माच्या हिशेबाने तो तिथला रहिवासी होतो. देशाच्या कायद्याच्या हिशेबाने मात्र तो तिथे चाळीस वर्षं राहिला तरी परकाच असतो. या दोन हिशेबांच्या मध्ये आपल्याकडच्या हजारो घरांचा रमजान वर्षानुवर्षं अडकलेला आहे.

एक शब्द मीरा रोडच्या नयानगरमध्ये लहान मुलांनाही माहीत असतो: इकामा. सौदी अरबस्तानात राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. ‘इकामा संपला’, ‘इकामा नवा झाला’, ‘कफीलने इकामा दिला नाही’ ही वाक्यं इथल्या घरांत वीजबिलाइतकी सवयीची आहेत. गंमत अशी की मुकीम आणि इकामा हे शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. मशिदीत जमात उभी राहण्याआधी जी शेवटची हाक देतात तिलाही इकामतच म्हणतात. एका अर्थाने तो शब्द माणसाला रांगेत उभं राहायला बोलावतो. दुसऱ्या अर्थाने त्याची मुदत संपली की रांगेतून निघायला सांगतो.

रुपया जेव्हा तिकडे चालत होता

आखात आणि कोकण यांचं नातं तेलाहून जुनं आहे. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खलाशी म्हणून जहाजांवर गेली. कोणी पूर्व आफ्रिकेत उतरले, कोणी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला. तिथे कोकणी मुसलमानांची वस्ती आजही आहे. आखातात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याच्या तस्करीला आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर इतर अमिरातींनीही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. म्हणजे आजोबांच्या काळात मुंबईचा रुपया तिकडे चालायचा आणि नातवाच्या काळात तिकडच्या रियालवर इकडचं घर चालू लागलं. मधल्या काळात, १९७३ नंतर, तेलाचे भाव चढले होते.

आज आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांतले सगळे मुसलमान नाहीत आणि सगळे मजूरही नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ परदेशी आहेत. तरीही ‘तू कुठला?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जातो आणि उत्तरात त्या शहराचं नाव कधीच येत नाही.

बॅचलर रूममधली सहरी

त्या शहरांतलं रोजचं जगणं कसं असतं, हे आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. परत आलेला माणूस खजूर, नीडोचा डबा, टँग आणि अॅक्स ऑइल काढून देतो. खोलीबद्दल बोलत नाही. कुटुंबाशिवाय राहणाऱ्या पुरुषाला तिथे ‘बॅचलर’ म्हणतात. त्याला चार मुलं असली, थोरल्या मुलीचं लग्न झालेलं असलं तरी भाड्याच्या पाटीवर तो बॅचलरच. एका खोलीत चार-सहा जण राहतात. भाडं खोलीचं नसतं, खाटेचं असतं. त्याला ‘बेड स्पेस’ म्हणतात. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या असतात. ज्याला घरी पाण्याचा ग्लास हातात मिळायचा, तो तिथे तांदळाची उकड काढायला शिकतो. गावाहून आलेली सुकट आणि आमसुलं सहा जणांत वाटली जातात.

रमजानमध्ये कागदावर काम कमी होतं. सौदी कामगार कायद्यानुसार मुसलमान कामगाराला या महिन्यात दिवसाला सहा तासांहून जास्त काम देता येत नाही. अमिरातीत तर धर्म न पाहता सगळ्यांचे दोन तास कमी केले जातात. कार्यालयात बसणाऱ्यांना त्याचा लाभ होतो. हॉटेलच्या भटारखान्यात, डिलिव्हरीच्या मोटारसायकलवर किंवा मालकाच्या घरी ड्रायव्हर म्हणून काम करणाऱ्याचा रमजान मात्र उलटा असतो. शहर दिवसा झोपतं आणि रात्री जागतं, म्हणून त्याची ड्युटी रात्रीची होते. इफ्तारच्या वेळी दुसऱ्याच्या दस्तरखानावर जेवण पोहोचवताना तो सिग्नलवर खजूर तोंडात टाकतो.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१५ च्या आसपास तो जून-जुलैत होता. कुवेतमध्ये तेव्हा रोजा साडेपंधरा तासांच्या आसपास असे. सौदीत आणि अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. पण दुपारचे तीन वाजले म्हणून लोखंडी पहाड थंड होत नाही.

याच शहरांत या महिन्याचं एक वेगळं औदार्यही दिसतं. मशिदीबाहेर तंबू पडतात आणि लांबच लांब दस्तरखान अंथरले जातात. कोण कुठल्या देशाचा हे विचारलं जात नाही. खजूर, ताक म्हणजे तिथलं ‘लबन’, फळं आणि मटणाचा भात एका थाळीत, चौघांनी मिळून खायचा. कुवेतच्या नाइफ राजवाड्यात आणि दुबईत पोलिसांच्या देखरेखीखाली इफ्तारची तोफ आजही डागली जाते. गहू आणि मटण घोटून केलेला हरीस खाताना आपल्या माणसाला खिचड्याची आठवण येते. आपल्याकडे रूहअफ्जा, तसं तिकडे व्हिम्टो. हे सरबत मूळचं इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं. अर्ध्या रमजानला कुवेत आणि बहरीनची मुलं गरगीआनची गाणी म्हणत दारोदार सुकामेवा गोळा करतात. बॅचलर रूमच्या जिन्यात ती सहसा येत नाहीत. तिथे मुलं राहत नाहीत हे त्यांना माहीत असतं.

दोन चंद्र

आखातात चंद्र बहुतेक वर्षी आपल्याआधी एक दिवस दिसतो. त्यामुळे एकाच घरातल्या माणसांचा पहिला रोजा वेगवेगळ्या दिवशी असतो. तिकडे तरावीह सुरू झालेली असते, इकडे अजून शाबान संपलेला नसतो. शेवटी तिकडे ईद होते तेव्हा इकडे रोजा असतो. नवरा फोनवर ‘ईद मुबारक’ म्हणतो आणि बायको सहरीची भांडी घासत ‘तुम्हालाही’ म्हणते. दुसऱ्या दिवशी इकडे शीरखुर्मा होतो आणि तो कामावर परतलेला असतो.

घड्याळाचाही फरक असतो. सौदी आणि कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत. नयानगरच्या मशिदींतून मगरिबची अजान होते तेव्हा रियाधमध्ये दुपारचे चार-सव्वाचार झालेले असतात आणि माणूस कामावर असतो. त्याचा इफ्तार होतो तेव्हा इथे तरावीहची जमात उभी असते. इथली बाई सहरी करून, फजरची नमाज पढून, मुलांचे डबे भरता भरता त्याला उठवायला फोन करते; तिकडे सहरीची वेळ अजून बाकी असते. पूर्वी हे बोलणं कॅसेटमध्ये भरून कोणाच्या तरी हाती पाठवलं जायचं. ती कॅसेट अख्खं घर ऐकायचं आणि शेवटची दहा मिनिटं एकटी बायको ऐकायची. आता व्हिडिओ कॉल आहे. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही म्हणून बोटिम आहे. चेहरा दिसतो, वेळ मात्र जुळत नाही.

या दोन चंद्रांमुळे दरवर्षी एक मसला हमखास विचारला जातो. जेद्दात रमजान सुरू करून मधेच सुट्टीवर मुंबईत आलेल्याने काय करायचं? उलेमा सर्वसाधारणपणे हेच सांगतात की ज्या गावात आहात त्या गावाबरोबर राहा. इथे तीस रोजे झाले तर त्याचे एकतीस होतील, तरी त्याने इथल्या लोकांबरोबरच ईद करायची. उलट इथून तिकडे गेलेल्याचे अठ्ठावीसच भरले तर त्याने ईद तिकडच्यांबरोबर करावी आणि एक रोजा नंतर ठेवावा. मोजणीपेक्षा सोबत महत्त्वाची, असा त्याचा अर्थ. जिथे आहेस तिथल्या माणसांत सामील हो, असं शरियत म्हणते.

एक्स्पॅट कोण आणि कामगार कोण

त्याच शहरात अमेरिकन किंवा इंग्रज माणूस नोकरीला आला की त्याला ‘एक्स्पॅट’ म्हणतात. आपल्या माणसाला ‘लेबर’ किंवा ‘अजनबी’ म्हणतात. उत्तर आफ्रिकेतल्या मोरोक्कोमध्ये टँजिअर नावाचं शहर आहे, अरबीत तंजा. अमेरिकन लेखक आणि संगीतकार पॉल बोल्स १९४७ मध्ये तिथे गेले आणि १९९९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. एका अमेरिकनाने परक्या शहरात काढलेल्या त्या बावन्न वर्षांवर पुस्तकं निघाली, माहितीपट निघाले. कुवेतमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या दापोलीच्या फिटरवर चार ओळी कोणी लिहिल्या नाहीत. त्यानेही लिहिल्या नाहीत.

त्याच तंजा शहरातून १३२५ मध्ये एक तरुण हजसाठी निघाला आणि फिरत फिरत आपल्या देशात आला. तो इब्न बतूता. मुहंमद तुघलकाने त्याला दिल्लीत काझी नेमलं. तो दौलताबादला आला, पुढे पश्चिम किनाऱ्यावरून गेला आणि होन्नावरचे मुसलमान शाफई पंथाचे असल्याची नोंद त्याने करून ठेवली. परक्या देशात त्याला नोकरी, मान आणि घर मिळालं; कोणी त्याच्याकडे मुदतीचं कार्ड मागितलं नाही. जुनं जग फार न्यायी होतं असा याचा अर्थ नाही, कारण त्याच जगात गुलामांचे बाजारही होते. पण विद्या किंवा हुन्नर घेऊन आलेल्या मुसाफिराला मुकीम व्हायला वाट होती.

आजच्या आखातात ती वाट फार अरुंद आहे. नागरिकत्व जवळजवळ अशक्य आहे. २०१९ मध्ये सौदीने कायम वास्तव्याचा परवाना सुरू केला, त्याची किंमत आठ लाख रियाल. फिटरला, शिंप्याला, नर्सला ती परवडण्यातली नाही. त्यांचं राहणं नोकरीला आणि कफीलला, म्हणजे हमीदार मालकाला बांधलेलं असतं. गेल्या काही वर्षांत नियम सैल झाले आणि सौदीत २०२१ पासून काही अटींवर मालक बदलता येऊ लागला. तरीही नोकरी गेली की राहण्याचा हक्क जातो, हे मूळ गणित बदललेलं नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं, तेव्हा हे गणित एका रात्रीत सगळ्यांना कळलं. अम्मानहून एअर इंडियाने सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मुंबईत आणलं. वीस वर्षांचा संसार एका पिशवीत घेऊन माणसं सहार विमानतळावर उतरली.

परतलेली मुलं

जुलै २०१७ पासून सौदीने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल कर लावला. तो दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० रियालवर गेला. बायको आणि तीन मुलं म्हणजे महिना १,६०० रियाल. मध्यम पगाराच्या माणसाने काय करावं? त्याने कुटुंब परत पाठवलं आणि स्वतः पुन्हा बॅचलर झाला. या कुटुंबांपैकी अनेक मीरा रोडला आली, कारण बऱ्याच जणांनी इथे फ्लॅट आधीच घेऊन ठेवले होते. नयानगरच्या कितीतरी इमारती अशा गैरहजर माणसांच्या पैशांवर उभ्या आहेत.

मी कॉलेजात शिकवतो. बारावीनंतर जेद्दाहून, दम्मामहून, शारजाहून आलेली मुलं माझ्या वर्गात बसतात. त्यांचं इंग्रजी चांगलं असतं, अरबी रस्त्यावरची असते, मराठी आजीकडून आलेली कोकणी बोली असते. प्रवेशाच्या वेळी डोमिसाइल मागितलं जातं. त्यासाठी महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो या मुलांकडे नसतो. मग आईबापांच्या जुन्या कागदांची शोधाशोध सुरू होते. जिथे जन्मले तिथे ती परकी आणि ज्या राज्याची म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते, तिथे पुराव्याअभावी ताटकळत उभी. एका मुलीला मी विचारलं, “बेटा, मूळ गाव कुठलं?” ती म्हणाली, “सर, अब्बांचं विचारताय की माझं?” मला उत्तर सुचलं नाही.

मुसाफिराचा हक्क

रमजानमध्ये जकात काढली जाते. कुरआनने जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब, निर्धन, कर्जबाजारी यांच्या यादीत शेवटचं नाव आहे इब्नुस्सबील, म्हणजे शब्दशः ‘वाटेचा मुलगा’, वाटेत अडकलेला मुसाफिर. घरी तो सधन असला तरी परक्या मुलखात हात रिकामे झाले की तो जकातीचा हक्कदार होतो. २०१६ मध्ये सौदीतल्या बांधकाम कंपन्यांचे पगार थकले आणि हजारो भारतीय कामगार छावण्यांत उपाशी बसले. तेव्हा जेद्दातल्या भारतीय वाणिज्य दूतावासाने आणि तिथल्या भारतीय समाजाने त्यांना धान्य पोहोचवलं. ती माणसं आपापल्या गावी जकात देणारी होती. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. इब्नुस्सबील हा शब्द पोथीतला नाही, हे अशा वेळी कळतं.

म्हणून जाणाऱ्यांच्या घरी काही गोष्टी माहीत असायला हव्यात. दहावी उत्तीर्ण नसलेल्याला आखातात नोकरीसाठी जायचं तर सरकारची उत्प्रवास परवानगी लागते. तिच्यासोबत दहा लाखांचा विमाही असतो. एजंटचा परवाना खरा आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. अडचणीत सापडल्यास ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार करता येते. दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडकलेल्याचं तिकीट, तात्पुरता निवारा आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. मशिदीत जुम्याच्या दिवशी या चार गोष्टी सांगितल्या गेल्या, तर तीही खिदमतच ठरेल.

आणखी एक गोष्ट घराघरांत करण्यासारखी आहे. तिकडचा माणूस दोन वर्षांनी दीड महिन्याच्या सुट्टीवर येतो तेव्हा आपण त्याला पाहुण्यासारखं वागवतो. चांगली चादर काढतो, मटण आणतो, जायची तारीख विचारतो. मुलं त्याच्यासमोर जपून बोलतात. घरातले निर्णय त्याच्याशिवाय घ्यायची सवय झालेली असते आणि त्याच्या पैशांनी घेतलेल्या घरात चहाची गाळणी कुठे असते हे त्याला विचारावं लागतं. फिकहचा नियम इथे साफ आहे. परगावी मुकीम व्हायला चार दिवसांचा इरादा लागतो. आपल्या वतनात, आपल्या गावात पाऊल ठेवलेल्याला मात्र दिवस मोजावे लागत नाहीत. तो दोन दिवसांसाठी आलेला असला तरी त्याचा प्रवास संपलेला असतो आणि तो मुकीमच असतो. येत्या ईदला ज्याच्या घरी असा कोणी येणार असेल, त्याने परतीच्या तिकिटाची चौकशी आधी करू नये. त्याला बाजारात पाठवावं, मुलांच्या शाळेत न्यावं, घरातल्या भांडणात त्याचं मत विचारावं.